घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी आईबापांना कोर्स सक्तीचा : गोव्यात चालेल का?

माशेलकर
नमस्कार मंडळी. २०२१ साली त्यावेळचे कायदामंत्री निलेश काब्राल यांनी जाहीर केलं होतं की गोव्यात लग्न रजिस्टर करण्याआधी समुपदेशन सक्तीचं करणार आणि गिपार्ड, म्हणजे आपली सरकारी प्रशिक्षण संस्था, त्याचा कोर्स तयार करणार. चार दिवस पेपरात चर्चा झाली, तिंठ्यावर विनोद झाले. मला तेव्हाही वाटलं होतं की हे चुकीच्या टोकाला चाललंय, लग्न करणाऱ्या पोरांना त्यावेळी काही ऐकायचंच नसतं, ती हॉल आणि केटररच्या मागे असतात. ऐकायची गरज असते ती मोडताना, त्यातही घरात मुलं असतील तर.

माझा मावसभाऊ फ्लोरिडात असतो. त्याच्या घटस्फोटात त्याला चार तासांचा पालकांचा कोर्स करावा लागला. तिथे १८ च्या खालचं मूल असेल तर दोघांनाही तो करावाच लागतो, त्याशिवाय कोर्ट शेवटचा निकाल देत नाही. त्याने घरी बसून ऑनलाईन केला. म्हणाला अर्धं माहीतच होतं, उरलेलं अर्धं ऐकून लाज वाटली.

तर माझा प्रस्ताव असा की गोव्यात मूल असलेल्या जोडप्याने अर्ज दाखल करण्याच्या *आधीच* असा कोर्स करावा, दोघांनीही, आणि सर्टिफिकेट जोडलेलं नसेल तर अर्ज घेऊच नये. आमदाराला पत्र द्यायचा विचार आहे म्हणून आधी इथे विचारतोय. बोला.

तिस्क_फोंडा
झालं. रेसिडेन्स सर्टिफिकेट, इन्कम सर्टिफिकेट, आणि आता "आम्ही नीट भांडू" सर्टिफिकेट. झेरॉक्सवाल्याची चांदी.

नवीन_सभासद_साळगाव
+१ माशेलकरबाब. आमच्या शेजारी कॅथलिक कुटुंब आहे, त्यांच्यात चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी कोर्स करावाच लागतो, कोणी तक्रार करत नाही. आपल्यातच सगळ्याला फाटे फुटतात.

तिस्क_फोंडा
कोर्स करून पण त्यांच्यात घटस्फोट होतातच की हो. आपल्या कोर्टात सगळे एकाच बाकावर बसतात.

बार्देसकर_वकील
थोडं कायद्याचं बोलतो, कारण इथे बाहेरून आलेले सभासद पण आहेत आणि ते टीव्हीवर बघितलेलं सहा महिन्यांचं कूलिंग पिरियड वगैरे डोक्यात घेऊन बोलतात. हिंदू मॅरेज अॅक्ट गोव्यात लागू नाही. आपल्याकडे घटस्फोट अजून १९१० च्या पोर्तुगीज कायद्याने होतो, हिंदू असो, कॅथलिक असो, मुसलमान असो. त्यात दोन वाटा.

एक, दोघांच्या संमतीने. त्यासाठी लग्नाला दोन वर्षं झालेली पाहिजेत आणि दोघांनी वयाची २५ पूर्ण केलेली पाहिजेत. अर्जासोबत मालमत्तेची यादी लागते आणि मुलं कोणाकडे राहणार याचा करार लागतो. न्यायाधीश दोघांना समोर बोलावून समजावतो, ऐकलं नाही तर आधी एक वर्षासाठी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, घटस्फोट देतात. वर्ष गेलं आणि तरीही दोघं ठाम असतील तर तो फायनल होतो.

दुसरी वाट भांडणाची, म्हणजे एकाने दुसऱ्यावर दावा लावायचा. त्याला कारणं ठरलेली आहेत. व्यभिचार, मारहाण आणि गंभीर अपमान, घर सोडून तीन वर्षं जाणं, जुगाराचं व्यसन, दोघांच्या मर्जीने सलग दहा वर्षं वेगळं राहणं, अशी.

आता माशेलकरबाब तुम्ही म्हणता अर्जाआधी कोर्स. कुठल्या वाटेवर? संमतीवाले कोर्स करतील पण, त्यांना त्रास कमीच आहे. भांडणवाल्या केसमध्ये तुम्ही काय करताय ते बघा. बायकोने कोर्सला नाव घातलं की नवऱ्याला नोटीस जाणार की तू पण ये. म्हणजे दावा येतोय हे त्याला आधीच कळलं. गोव्यात लग्नाबरोबर मालमत्ता बहुतेक वेळा दोघांची अर्धी अर्धी होते, घर जमीन विकायला दोघांची सही लागते हे खरं, पण एफडी आणि सोनं याला सही कुठे लागते? दावा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी आम्ही अंतरिम अर्ज टाकतो की काही हलवू नका. तुमच्या कोर्सच्या तारखेची वाट बघत बसलो तर लॉकर रिकामा.

माशेलकर
वकीलबाब हा मुद्दा डोक्यात आला नव्हता कोणाच्याच. पण तातडीचे अर्ज वेगळे करता येतील ना? आणि पोटगी, डीव्ही म्हणजे घरगुती हिंसाचाराचे अर्ज?

बार्देसकर_वकील
पोटगीचा आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचा अर्ज वेगळाच असतो, तिथे कोर्सची अट घालायचा विचार पण करू नका, ती टिकणार नाही आणि टिकू पण नये. बाकी "तातडीचं सोडून" असं कायद्यात लिहिलं की सगळंच तातडीचं होतं. आमचंच खातं आहे हो, आम्हाला माहीत.

तिस्क_फोंडा
आता सिरियस बोलतो. मी धंद्यातला माणूस. कमर्शियल कोर्टात २०१८ पासून कलम १२ए आहे, तातडीचं काही नसेल तर दावा लावण्याआधी मेडिएशनला, म्हणजे मध्यस्थाकडे तडजोडीला, जावंच लागतं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की हे सक्तीचंच. ऐकायला छान. माझ्या पैशाच्या एका भानगडीत मी अर्ज केला, समोरच्याला नोटीस गेली, तो आलाच नाही, परत नोटीस गेली, परत आला नाही, मग मला कागद मिळाला की मेडिएशन सुरूच होऊ शकलं नाही, आता लावा दावा. तेवढ्यात त्याने दुकान भावाच्या नावावर केलं. जो यायला तयार असतो त्याला सक्ती लागत नाही आणि जो यायचा नसतो त्याला सक्तीचा फायदाच होतो, वेळ मिळतो. हे नवराबायकोत होणार नाही असं कोणाला वाटत असेल तर त्याचं लग्न झालेलं नाही.

शाळेतली_बाय
कायद्यातलं मला कळत नाही. मी शाळांमध्ये काउन्सेलर आहे, तिसवाडीत आणि आधी फोंड्याला, मुलांच्या बाजूने काय दिसतं ते सांगते, जरा लांब होईल.

आईबाप वेगळे होताना मूल शाळेत रडत बसतं असं लोकांना वाटतं. तसं क्वचितच होतं. होतं ते असं की मूल एकदम शहाणं होतं. एक पाचवीतला मुलगा होता (ओळख कळू नये म्हणून थोडं बदलून सांगते), बोंडल्याची सहल होती, पालकांच्या सहीचा फॉर्म दिला होता. सगळ्यांचे फॉर्म आले, याचा नाही. टीचरना वाटलं विसरला, ओरडल्या. माझ्याकडे पाठवला तेव्हा बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यातून त्याने फॉर्म काढला, घडी घालून घालून मऊ झाला होता. मी विचारलं सही का नाही घेतली. म्हणतो, मम्मीची घेतली तर पप्पा म्हणतील मला का नाही विचारलं, पप्पांची घेतली तर मम्मी विचारेल पैसे कोणी दिले, म्हणून मी ठरवलं सहलीला जायचंच नाही. दहा वर्षांचं पोर हो. त्या घरी अजून अर्ज बिर्ज काही नव्हता, बापूस फक्त वरच्या खोलीत झोपत होता.

दुसरं नेहमीचं म्हणजे डबा. फीची पावती, डॉक्टरचं बिल, "शनिवारी नाही पाठवणार" अशा चिठ्ठ्या डब्याच्या पिशवीतून जातात. मूल ती वाचतं. सगळी मुलं वाचतात.

आता कोर्समध्ये काय शिकवायचं असतं? मुलाकडून निरोप पाठवू नका. दुसऱ्या घरून आल्यावर उलटतपासणी घेऊ नका, काय जेवलास, कोण आलं होतं, ती काय म्हणाली. दुसऱ्याबद्दल मुलासमोर वाईट बोलू नका, आणि आजीला पण बोलू देऊ नका. मुलाला सोपवताना दारात पाच मिनिटांच्या वर थांबू नका. शाळेच्या कागदांवर कोण सही करणार ते एकदाच ठरवा आणि शाळेला सांगा. मुलाला दोघांनी मिळून एकाच वेळी सांगा, तुझ्यामुळे झालेलं नाही हे सांगा, आणि परत परत सांगा कारण एकदा सांगून त्याला पटत नाही. एवढंच. दोन तीन तासांचं काम आहे. पण हे मी घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणते त्यांना सांगा आणि वडील म्हणतात तिला सांगा, आणि माझ्याकडे कोणाला बोलावून घ्यायचा अधिकार नाही.

म्हणून मला कोर्स पाहिजे. सक्तीचा असला तरी चालेल. पण अर्जाच्या आधी की नंतर यावर अडून बसू नका, मुलाचे हाल अर्जाच्या तारखेला सुरू होत नाहीत.

केपेचे_आजोबा
बायेने डोळ्यांत पाणी आणलं.

स्विंडनचो_पेडणेकर
मी तिकडचा अनुभव सांगतो. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला आलो, इथेच मोडलं. इथे मुलांबद्दल किंवा पैशाबद्दल कोर्टात जायचं असेल तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे आधी मियाम नावाची मीटिंग करावी लागते, मेडिएटरकडे एकट्याने जायचं, तो समजावून सांगतो की कोर्टाशिवाय काय पर्याय आहेत. मेडिएशन करायलाच पाहिजे असं नाही, माहिती घ्यायला पाहिजे. मारहाणीचा पुरावा असेल, मुलाला धोका असेल तर सूट. म्हणजे माशेलकर म्हणतात ते "आधी" वालं इथे आहे, पण ते घटस्फोटालाच नाही, मुलांच्या आणि पैशाच्या अर्जाला आहे, हा फरक लक्षात घ्या.

त्याशिवाय माझ्या केसमध्ये कोर्टाने मला आणि तिला चार तासांच्या पालक कोर्सला पाठवलं. दोघांना एका बॅचला ठेवत नाहीत, मुद्दाम. माझ्या बॅचला एक लॉरी ड्रायव्हर होता, एक डेंटिस्ट बाई होती, एक पोलिश मुलगा. सुरुवातीला प्रत्येकजण सांगत होता की माझी बायको कशी आणि माझा नवरा कसा, आणि तासाभराने मला जाणवलं की मी त्या डेंटिस्ट बाईची बाजू ऐकताना माझ्याच बायकोची बाजू ऐकतोय. ती बाई समोर होती म्हणून शांतपणे ऐकलं, घरची असती तर पाचव्या मिनिटाला आवाज चढला असता. त्या वर्गाने संसार जुळला वगैरे काही नाही. मेसेज लिहायची पद्धत बदलली एवढं खरं. आधी मी पानभर लिहायचो, आता दोन ओळी, तारीख वेळ जागा.

काणकोणची
सगळे छान बोलताय. मी एक विचारते. नवरा मारत होता. कंप्लेंट द्यायला गेले तेव्हा सगळ्यांनी आधी समजूतच घातली, घरच्यांनी, वाड्यावरच्यांनी, जिथे गेले तिथल्यांनी. आणि त्यानंतर कोणी म्हणालं असतं की आता आधी कोर्स कर, सर्टिफिकेट आण, मग तुझा कागद घेऊ, तर मी परत घरीच गेले असते. एवढंच सांगायचं होतं. आणि कोर्स पणजीत असणार ना? काणकोणहून पणजीला यायला जायला सगळा दिवस जातो, कामावरून सुट्टी कोण देणार, पोराला कोण बघणार.

माशेलकर
ताई तुम्हाला सूट असणारच. ते मी धरूनच चाललोय.

काणकोणची
सूट कोणाकडे मागायची? पुरावा काय द्यायचा? डॉक्टरकडे मी गेलेच नव्हते, घरात हळद लावली.

बार्देसकर_वकील
ताईंचा प्रश्न बरोबर आहे आणि तिथेच असल्या योजना पडतात. सूट एफआयआर दाखवल्यावर असेल तर ती ज्यांना हवी त्यांनाच मिळत नाही. मी म्हणेन की अर्जदाराने एका ओळीचं स्वतःचं निवेदन दिलं की मला याच्यापासून भीती आहे, बस, सूट. उद्या कोणी खोटं लिहिलं तर काय बिघडलं? एक माणूस कोर्सला आला नाही एवढंच.

आकडेमोड
जरा जगात कुठे काय आहे ते बघू, कारण "अमेरिकेत आहे" म्हणून खूप ढोबळ बोललं जातं. युटामध्ये १९९० च्या दशकापासून मुलं असलेल्या जोडप्यांना कोर्स सक्तीचा आहे. ओक्लाहोमात २०१४ पासून. पण फ्लोरिडा काय आणि युटा काय, अर्ज *दाखल केल्यानंतर* ठराविक दिवसांत कोर्स करायचा असतो. फ्लोरिडात अर्ज करणाऱ्याला ४५ दिवस मिळतात. दार आधी उघडतं, कोर्स आत गेल्यावर. दक्षिण कोरियात २००८ पासून संमतीच्या घटस्फोटात आधी मार्गदर्शन घ्यावं लागतं, मग मूल असेल तर तीन महिने थांबायचं, नसेल तर एक महिना, आणि मुलांचं काय करणार ते लेखी द्यायचं. डेन्मार्कने २०१९ मध्ये मुलं असलेल्यांना तीन महिने थांबणं आणि एक छोटा ऑनलाईन कोर्स सक्तीचा केला.

उपयोग होतो का? २०११ मध्ये कोर्टाशी जोडलेल्या अशा कोर्सेसच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात फायदा दिसला पण लहान ते मध्यम. यापेक्षा दणकट पुरावा आहे अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका कार्यक्रमाचा, त्यात घटस्फोटित आयांना आठवड्याला एक असे दहा अकरा वर्ग दिले होते, मुलांशी नातं कसं टिकवायचं, शिस्त कशी लावायची, याचे. त्या मुलांना १५ वर्षांनी परत भेटून तपासलं तेव्हासुद्धा फरक सापडला. तर प्रश्न कोर्स असावा की नाही यापेक्षा किती खोल असावा हा आहे. चार तासांत माहिती मिळते, सवय बदलायला वर्ग जास्त लागतात.

आणि एक, व्हर्जिनियाच्या रॉबर्ट एमरी यांचा अभ्यास, तो कोर्सचा नाही मेडिएशनचा आहे, गल्लत करू नका. भांडणाऱ्या जोडप्यांतल्या काहींना पाच सहा तास मेडिएशन मिळालं, काही थेट कोर्टात लढले. १२ वर्षांनी बघितलं तर मूल ज्याच्याकडे राहत नाही त्या पालकांपैकी आठवड्याला मुलाला भेटणारे मेडिएशनवाल्यांत २८ टक्के, कोर्टवाल्यांत ९ टक्के. पाच सहा तासांचा १२ वर्षांनी एवढा फरक म्हणजे कमी नाही.

घटस्फोट कमी व्हावेत म्हणून कोर्स आणत असाल तर मात्र विसरा. हे कोर्स त्यासाठी बनवलेलेच नाहीत.

तिस्क_फोंडा
आकडेमोड, मान गये. फक्त ते सगळे देश असे जिथे कोर्टाची तारीख म्हणजे तारीख असते.

केपेचे_आजोबा
मी ७४ वर्षांचा. आमच्यात घटस्फोट हा शब्द घरात कोणी काढत नव्हतं, सून माहेरी जायची आणि यायचीच नाही, कागद कोणी करत नव्हतं, ते काही चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलाचा तीन वर्षांमागे झाला. नातू आईकडे असतो, कुडचड्याला.

माझं म्हणणं कोर्स आजीआजोबांना पण ठेवा. हसू नका. आमच्या घरात मुलगा गप्प होता, सून गप्प होती, बोलत होतो आम्ही. ही म्हणायची तिने असं केलं, तिची आई म्हणायची याने तसं केलं. शाळेतल्या बायने लिहिलंय आजीला पण बोलू देऊ नका, ते अगदी खरं.

आणि चवथ. आमचा गणपती दीड दिवसाचा, मूळ घरी, सगळे भाऊबंद जमतात, माटोळी, म्हणजे गणपतीवरचं रानफळांचं छत, बांधायची तर नातू शिडीखाली उभा राहून कांगलां, घागऱ्यो, माट्टुळ्यो एकेक हातात द्यायचा. तिच्या माहेरचा गणपती पाच दिवसांचा. पहिल्या वर्षी दोघांनी पण हट्ट धरला की पहिला दिवस आमच्याकडेच. पोर आदल्या रात्री तापाने फणफणलं. ताप कसला, आम्हाला कळत होतं. शेवटी कोणाकडेच गेलं नाही. कोर्टाच्या कागदात शनिवार रविवार लिहिले होते, मे महिना लिहिला होता, चवथ कोणी लिहिलीच नव्हती.

बार्देसकर_वकील
आजोबा हे मी माझ्या प्रत्येक क्लायंटला सांगतो आता. करारात चवथ, शिगमो, गावची जात्रा, ख्रिश्चन असतील तर नाताळ आणि फेस्त, नाव घालून लिहा. तुमच्यासारख्या केसमध्ये तर सोपं आहे, दीड दिवस इथे आणि तिसऱ्या दिवसापासून तिथे, किंवा एक वर्ष पहिला दिवस यांच्याकडे, पुढच्या वर्षी त्यांच्याकडे. "सणासुदीला समजुतीने" असं लिहिलं की समजलं भांडण होणार.

अजून एक गोष्ट जी फक्त आपल्याकडेच एवढी येते. पासपोर्ट. आईबापांपैकी एकाचा जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवून तिकडचा पासपोर्ट काढलेला असतो, मुलाचा पण नोंदवतात, आणि एक दिवस कळतं की मूल इंग्लंडला गेलं. मुलांना एकतर्फी परदेशी नेण्याबाबतचा १९८० चा हेग करार भारताने केलेला नाही. इंग्लंड आणि पोर्तुगालने केलाय, पण आपण त्यात नाही म्हणून इथल्या माणसाला त्याचा आधार मिळत नाही, तिकडच्या कोर्टात वेगळा झगडा करावा लागतो. म्हणून पासपोर्ट कोणाकडे राहणार, कोणाच्या लेखी संमतीशिवाय मूल बाहेर जाणार नाही, हे करारात पाहिजेच. तुमचा कोर्स झालाच तर हे दोन मुद्दे त्यात घाला, अमेरिकेच्या कोर्समध्ये हे मिळणार नाही.

स्विंडनचो_पेडणेकर
पासपोर्टच्या मुद्द्याला दहा वेळा +१. इथे अशा केसेस डोळ्यासमोर आहेत, जास्त लिहीत नाही.

शाळेतली_बाय
वकीलसाहेब एक विचारू? तुम्ही वर म्हणालात प्रोव्हिजनल घटस्फोटानंतर एक वर्ष असतं. त्या वर्षात लोक काय करतात?

बार्देसकर_वकील
काही नाही. थांबतात. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतात.

शाळेतली_बाय
म्हणजे कोर्टाने दोघांना बघितलंय, मुलांचा करार कोर्टाकडे आहे, मूल दोन घरांत जायला लागलंय, आणि एक अख्खं वर्ष कोणी कोणाला काही विचारत नाही?

बार्देसकर_वकील
हो. वर्षाने येऊन सांगायचं की आम्ही ठाम आहोत. न्यायाधीश विचारतो नक्की ना. नक्की. झालं. करार चालला की नाही हे कोणी विचारत नाही, तक्रार आली तरच.

शाळेतली_बाय
मग अर्जाच्या आधी कशाला जागा शोधताय? जागा तिथे रिकामी पडलीय. प्रोव्हिजनल मिळाल्यापासून तीन महिन्यांत दोघांनी वेगवेगळा कोर्स करायचा, आणि फायनलच्या आधी एकदा करार परत उघडून बघायचा, काय जमलं काय नाही. तोपर्यंत त्यांना खरे प्रश्न माहीत झालेले असतात. अर्जाआधी शिकवलं तर सगळं हवेतलं, कारण तेव्हा प्रत्येकाला वाटतं आमचं तसं नाही होणार.

आकडेमोड
हे मला आवडलं. दहा आठवड्यांचे वर्ग पण त्या वर्षात बसतात, ज्यांना हवे त्यांना.

माशेलकर
पटतंय पण पूर्ण नाही. संमतीवाल्यांचं झालं. भांडणवाल्या केसचं काय, तिथे प्रोव्हिजनल वर्ष नाही, आणि मुलाचे सगळ्यात जास्त हाल तिथेच. ते सोडून द्यायचे का?

बार्देसकर_वकील
तिथे दावा दाखल होऊन समोरच्याला समन्स लागल्यावर. समन्ससोबतच कोर्सची तारीख जाऊ दे, दोघांना, वेगवेगळ्या दिवशी. दावा अडत नाही, अंतरिम अर्ज अडत नाही, आणि जो येत नाही त्याचं नाव कोर्टासमोर आपोआप येतं. कस्टडीचा मुद्दा येईल तेव्हा न्यायाधीश बघेलच की हा तीन तास पण आला नाही. सक्ती करायचीच तर अशी करा की न येणाऱ्याचं नुकसान व्हावं, येणाऱ्याचं नाही.

तिस्क_फोंडा
हे असेल तर माझा विरोध मागे. झेरॉक्सवाल्याला सांगून ठेवतो.

आता खर्च कोण करणार ते बोला. फी ठेवली तर मी परत विरोधात.

बार्देसकर_वकील
फी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे ना. १९८७ च्या कायद्याने महिलांना आणि मुलांना मिळकत न बघता मोफत कायदेशीर मदत मिळतेच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, इथे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कमावती बाई असली तरी मिळते. कोर्स त्यांच्याखाली घ्यायचा, कोर्टाच्या इमारतीत नको, लोक घाबरतात. वकिलाने शिकवायचा नाही. शाळेतल्या बायसारख्यांनी शिकवायचा.

शाळेतली_बाय
शाळेची खोली चालेल, सुट्टीच्या दिवशी रिकामीच असते. कोंकणी आणि मराठी दोन्ही ठेवा, आणि बाकीच्यांसाठी इंग्रजी हिंदी. शिकवताना पाट्या लावू नका, चांगली आई वाईट बाप. आणि मला कोणाच्या नावाने कोर्टात रिपोर्ट द्यायला लावलात तर मी करणार नाही. आला की नाही आला एवढंच सांगेन. आत काय बोलला ते नाही, नाहीतर कोणी खरं बोलणारच नाही.

नवीन_सभासद_साळगाव
ऑनलाईन ठेवा ना सरळ, सगळ्यांनाच सोपं.

स्विंडनचो_पेडणेकर
ऑनलाईन हा पर्याय असू दे, पण मला जे मिळालं ते त्या डेंटिस्ट बाईमुळे. व्हिडिओ लावून माणूस भाजी चिरत बसतो.

केपेचे_आजोबा
आजीआजोबांचं काय झालं?

शाळेतली_बाय
आजोबा, सक्ती नाही करता येणार, पण "घरातल्या मोठ्यांनी यायचं असल्यास यावं" असं लिहूया. तुम्ही या, पहिल्या बॅचला चवथीचं तुम्हीच सांगा.

माशेलकर
बरं, पत्राचा मसुदा असा करतो. अर्जाआधी सक्ती हे काढतो. संमतीच्या केसमध्ये प्रोव्हिजनल वर्षात, बाकी केसमध्ये समन्सनंतर. दोघांना वेगवेगळं, मोफत. भीती आहे असं एका ओळीत लिहून दिलं की सूट. पोटगी आणि डीव्हीला हात लावायचा नाही. करारात सण आणि पासपोर्ट यायलाच पाहिजेत. फायनलआधी करार परत बघायचा. काही राहिलं का? मला स्वतःला अजून वाटतं की अर्जाआधी निदान ऐच्छिक तरी असावा, शाळांमधून, बायने सांगितलं तसं मुलाचे हाल आधीच सुरू होतात, ते पण एका ओळीत घालतो.

बार्देसकर_वकील
१९१० च्या कायद्यात बदल लागेल का असं आमदार विचारेल. सांगा की विधानसभेला दुरुस्ती करता येते, वारसाहक्क, नोटरी आणि इन्व्हेंटरीचा भाग २०१२ च्या कायद्याने आपण नवा केलाच आहे. मसुदा मला पाठवा, एकदा नजर घालतो.

काणकोणची
राहिलं एक. प्रत्येक तालुक्यात ठेवा, नुसतं पणजी मडगाव नको. आणि पोराला बसवायला एक खोली आणि एक बाई पाहिजे, नाहीतर आई वर्गात आणि मूल दारात रडतंय. संध्याकाळी नको, परत जायला बस नसते.

माशेलकर
लिहिलं ताई. तालुकावार, रविवारी सकाळी, मुलांसाठी वेगळी खोली. शनिवार घातला होता पण शाळा अर्धा दिवस असतात म्हणून रविवार केला, कोणाला अडचण?

शाळेतली_बाय
रविवार चालेल. साडेनऊ नंतर ठेवा, कॅथलिक पालक मिसाला जातात.